कबरीचा तोल

माझ्याकडं राहायला यायचं तर आईची एकच अट होती. "कोंबड्या आल्या तर मी येते. न्हाईतर मी हितंच बरी हाय."

तिचं गाव पालीच्या पुढं. भावंडं आपापल्या संसारात, त्यामुळं वडील गेल्यावर ती त्या घरात एकटीच उरली. मी धारूरला पोस्टात नोकरीला. लग्न केलं नाही, त्यामुळं माझ्याही घरात मी एकटीच. घराच्या मागं मोकळी जागा होती, तिथं सीताफळीची दोन झाडं होती, कंपाउंडची भिंत होती. कोंबड्या ठेवायला अडचण अशी काहीच नव्हती, फक्त मला त्यांची सवय नव्हती. मला कोंबडी माहीत होती ती ताटातली. पण आईला दुसऱ्या कशानं आणता आलं नसतं, म्हणून छोट्या टेम्पोत मागं बांबूच्या डालग्याखाली कोंबड्या आणि पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी, असा आमचा घाट चढून प्रवास झाला. वाटेत आईनं दोनदा टेम्पो थांबवून डालग्यात पाणी ठेवलं. मला मात्र तिनं पाणी विचारलं नाही.

भिंतीला टेकून पत्र्याचं खुराडं केलं. कोंबड्यांना आईनं नावं ठेवली नव्हती. तांबडी, काळी, बोडकी, कबरी असं ती ओळखीपुरतं म्हणायची. कोंबडा एकच होता, तो नुसता कोंबडा. कबरी म्हणजे काळ्या पिसांवर पांढरे ठिपके असलेली. ती सगळ्यांत चपळ होती. संध्याकाळी बाकीच्या खुराड्यात शिरल्या तरी ही भिंतीवर चढून बसायची आणि आई खाली उभी राहून तिला शिव्या द्यायची.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी मी पोस्टात जायच्या गडबडीत होते. मागून आईची हाक आली.

"बाई, हिकडं ये गं. ही बघ कशी पडलीय."

मी गेले. बाकीच्या कोंबड्या अंगणात चरत होत्या. खुराड्याच्या तोंडाशी कबरी जमिनीला चिकटल्यासारखी पडली होती. एक पाय सरळ पुढं ताणलेला, दुसरा सरळ मागं. जिवंत प्राण्याचे पाय असे असू शकतात हे मला पाहूनही पटत नव्हतं. मान मात्र ताठ होती. आम्हाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. दोन्ही पंख जमिनीवर आपटले, अंग एका बाजूला गेलं आणि ती पाठीवर उलटली. आईनं सरळ केली तर पुन्हा उलटली. तेवढ्यात काळी दाणे टिपत आली आणि तिच्या अंगावर पाय देऊन, जणू खाली वीट आहे असं समजून, पुढं गेली.

आदल्या संध्याकाळी हीच भिंतीवर होती. आईच्या शिव्या माझ्या कानात होत्या.

"कापावी लागंल," आई म्हणाली. दूध तापवावं लागेल म्हणाल्यासारखं.

"नको," मी म्हणाले.

माझं मलाच आश्चर्य वाटलं. आईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "कावून? लंगडी कोंबडी पाळायची हाय का?"

"आधी डॉक्टरला दाखवू."

"कोंबडीला डॉक्टर!" आई एवढी हसली की तिला खोकला आला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कापडी पिशवीत कबरीला घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं, आणि पिशवी स्कुटीच्या पुढच्या हुकाला अडकवून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं एक म्हैस आणि दोन शेळ्या रांगेत होत्या. शेळीवाला माझ्याकडं आणि पिशवीकडं आळीपाळीनं बघत होता.

डॉक्टर बाई होत्या, वयानं लहान. त्यांनी दोन्ही पाय चाचपले, सांधे वाकवून बघितले. "हाड मोडलेलं नाही. खुब्यात लचक असू शकते, अंगात काही कमी पडलेलं असू शकतं. शिरांचा एक रोग असतो, त्यातही पाय असेच पडतात. तो असला तर औषध नाही. दुसरा पायही जाईल."

"मग आता काय समजायचं?"

"आता काहीच सांगता येणार नाही. आमच्याकडं कुणी एक कोंबडी घेऊन येतच नाही हो, ताई." त्यांनी चोचीत घालायचे थेंब लिहून दिले आणि तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवायला सांगितलं.

येताना तो दुसरा पायही जाईल हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर मी मोबाइलवर बघून बघून एक खटाटोप केला. लाकडी स्टूल उलटं केलं. जुन्या पिशवीला पायांसाठी दोन भोकं पाडली, मागं एक मोठं भोक ठेवलं आणि ती पिशवी स्टुलाच्या चार पायांना झोळीसारखी बांधली. तिच्यात कबरीला ठेवली की पाय खाली लोंबायचे आणि बोटं खालच्या फळीला जेमतेम टेकायची. पुढं ज्वारीच्या कण्या आणि पाणी. आई दारात उभी राहून बघत होती.

"पाळण्यात घातली. आता बारसं कर," म्हणाली आणि आत गेली.

पहिले काही दिवस वाईट गेले. ती खायची नाही. चोच उघडून थेंब घालायचे, भिजवलेल्या कण्या बोटानं भरवायच्या, खालची घाण काढायची, पोटाखालची ओली पिसं पुसायची. पोस्टात माझ्या हाताला वास येतोय असं मला सारखं वाटायचं. मी दुपारी घरी नसायचे तेव्हा तिचं काय होतं हे आईला विचारायची माझी हिंमत नव्हती. एखाद्या दिवशी परत यावं आणि चुलीवर रस्सा शिजत असावा, अशी भीती मनात होती.

एकदा नेट बंद पडलं म्हणून मी लवकर घरी आले. पुढचं दार उघडंच होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरलेले, मांडीवर जुनं लुगडं आणि त्यावर कबरी. आईचा अंगठा कोंबडीच्या खुब्यापासून खालपर्यंत हळूहळू उतरत होता. वाटीत तेल होतं. आणि आई तिच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, पण तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. आम्हा भावंडांपैकी कुणाला तिनं असं मांडीवर घेतलेलं मला आठवत नव्हतं. शेतातून यायची, भाकरी थापायची, निजायची, अशीच आई मी पाहिलेली. मी चपला हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले.

तिचं लक्ष गेलं. हात थांबला.

"बघतीस काय? गुडघ्याला लावायला तेल गरम केलं व्हतं. उरलं म्हून लावलं हिला."

त्यानंतर रोज तेल उरायला लागलं.

दुसरा पाय गेला नाही. मागं पडलेला पाय हळूहळू पोटाखाली यायला लागला. दिवाळीच्या सुमारास कबरी झोळीतून बाहेर काढल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. मग चालली. तिचं चालणं म्हणजे दोन पावलं पुढं, एक आडवं आणि धप्पकन डावीकडं. पडायची ती नेहमी डावीकडंच. आई तिला भिंत डाव्या बाजूला येईल अशी सोडायची, मग ती भिंतीला घासत घासत सगळं घर फिरायची. पंखाची पिसं त्या बाजूनं झिजून गेली.

एका रविवारी ऊन छान पडलं होतं. मीच म्हणाले, आता तिला बाहेर सोडू. आपल्यांत गेली की बरी होईल. आईनं जरा विचार केला आणि हो म्हणाली.

मी तिला अंगणात मधोमध ठेवलं. तिनं अंग फुलवलं, मान उंच केली, आणि आनंदानं का कशानं, दोन पावलं टाकली. मग डावीकडं पडली.

सगळ्या थांबल्या. चरणं, उकरणं, सगळं थांबलं. कोंबडा मान वाकडी करून बघत होता. पहिली तांबडी आली. तिनं कबरीच्या तुऱ्यावर चोच मारली, एकदाच, बघितल्यासारखी. मग काळी धावली. मग सगळ्याच. मला वाटलं हुंगतायत, ओळख पटवतायत. पण पिसं उडायला लागली. मी ओरडत धावले. पायानं एकीला बाजूला सारलं तर दुसरी येत होती. माझ्या हातावरही चोची बसल्या. आई काठी घेऊन आली तेव्हा कुठं त्या पांगल्या.

कबरीला उचललं तर तुरा फाटून एका बाजूला लोंबत होता आणि डोक्यामागची कातडी सोलून निघाली होती. आतलं पांढरं दिसत होतं. आणि अंगणात सगळ्या पुन्हा दाणे टिपत होत्या. काहीच झालं नव्हतं. बोडकीच्या चोचीला रक्त लागलं होतं, ते तिनं मातीत पुसलं.

ती बोडकी कबरीचीच. गावाकडं असताना कबरीनं उबवलेली, पंखाखाली वाढवलेली.

"आई, ती तर हिचं पिल्लू आहे ना गं?"

आई हळद घेऊन आली होती. ती जखमेत भरता भरता म्हणाली, "पिल्लू व्हतं तवा व्हतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माणसांचे वाद, भांडणं पोस्टाच्या खिडकीतून मी रोज बघते. पण हे डोळ्यांपुढून हटत नव्हतं. त्यात राग नव्हता, भांडण नव्हतं. एक पडली आणि बाकीच्यांना ते कळलं, एवढंच झालं होतं.

कबरी कायमची घरात आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालगं, खाली भुस्सा. जखम भरली. डोक्यामागं पिसं पुन्हा आली नाहीत, तेवढा भाग गुळगुळीतच राहिला. थंडी कमी झाल्यावर तिनं अंडी द्यायला सुरुवात केली, आणि नंतर एक दिवस ती भुश्शावरून उठेचना. हात घातला की अंग फुगवून घशातून घर्रर्र करायची. खुडूक झाली होती, उबवणीला आली होती.

"हिच्याखाली अंडी ठेवू," मी म्हणाले.

"उठताबसता पडती ती. फोडंल सगळी." आई काळीसाठी अंडी साठवत होती. काळीही त्याच सुमारास खुडूक व्हायच्या बेतात होती. अंडी स्वयंपाकघरात ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवलेली असायची.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एका घरी हळद होती. संध्याकाळपासून डीजे लागला होता. भांडी मांडणीवर थरथरत होती. मी आणि आई कानात कापूस घालून झोपलो.

सकाळी आई खुराडं उघडायला गेली. मी चहा टाकला. चहा झाला, गाळला, तरी ती येईना. एरवी दार उघडल्यावर जो कलकलाट व्हायचा तोही नव्हता. मी दोन्ही कप घेऊन मागं गेले.

आई खुराड्याचं दार हातात धरून उभी होती. तिच्या खांद्यावरून मी आत बघितलं.

सगळ्या मेल्या होत्या. एकमेकींवर, कोपऱ्यात दाटून. मानेशी चावे होते, पण खाल्लेलं काहीच नव्हतं. कोंबडा दाराशी पडला होता, पंख पसरून. खालच्या बाजूला गंजलेला पत्रा आत वाकला होता आणि तिथं जेमतेम हात जाईल एवढी फट होती. तांबडी एकटी दिसत नव्हती. तिची पिसं भिंतीपर्यंत गेली होती, काही सीताफळीत अडकली होती.

कप माझ्या हातात कसे राहिले कोण जाणे. मी ते जमिनीवर ठेवले, नीट, सांडू न देता.

शेजारचे लोक आले. एक जण म्हणाला रानमांजर, किल्ल्याच्या बाजूनं उतरतं. दुसरा म्हणाला उदमांजर. कुणीच काही पाहिलं नव्हतं. मला एकच गोष्ट पचत नव्हती. एक न्यायची होती तर बाकीच्या का मारल्या? हे मी तीन-चार जणांना विचारलं.

शेजारच्या काकूंनी जरा थांबून हळूच विचारलं, "मावशी, ताज्याच दिसतात. टाकून द्यायच्या का सगळ्या?"

"जनावराचं तोंड लागलंय त्यांला," आई म्हणाली आणि कुदळ घ्यायला गेली.

खड्डा तिनं स्वतः खणला. मला कुदळ देईना. सत्तरीची बाई, गुडघे दुखणारी, पण थांबली नाही. एकेकीला पायांना धरून नाही, दोन्ही हातांनी उचलून तिनं खाली ठेवलं. माती लोटून झाल्यावर तिथंच बसली.

"एक पण आवाज ऐकू न्हाई आला गं मला," ती म्हणाली. "एवढ्या जवळ निजले व्हते. एक पण आवाज न्हाई."

"डीजे होता, आई. कानात कापूस होता."

"एक पण न्हाई आला."

मी तिच्या शेजारी बसले. ती तेच म्हणत राहिली. वडील गेले तेव्हा माणसांनी घर भरलं होतं, ती सगळ्यांना पाणी देत फिरली होती. आता तिचे हात मातीनं भरले होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. कॉक, कॉक, कॉक.

आम्ही दोघी दचकलो. मी तर उठून उभीच राहिले. कबरी जिवंत आहे हे दोघीही विसरून गेलो होतो. सकाळपासून तिला दाणा दिला नव्हता, पाणी दिलं नव्हतं.

आई तशाच हातांनी आत गेली. डालगं उचलून बाजूला ठेवलं आणि तिच्यापुढं बसली. कबरीनं अंग फुगवलं, घर्रर्र केलं.

"त्यांनी हाणून हाकलली म्हून ही वाचली," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "डबा दे."

"कसला?"

"ज्वारीचा. अंडी काढ."

आईनं हात धुतले. एकेक अंडं पदराला पुसून तिनं कबरीच्या पोटाखाली सरकवलं. मेलेल्या कोंबड्यांची अंडी होती ती. कोंबडाही आता उरला नव्हता. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. कबरीनं चोचीनं एक अंडं आत ओढलं, डावीकडं जरा कलली, सावरली, आणि डोळे मिटले.

आईनं ते तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकलं नाही. कबरीला स्वतःहून उठू द्यायचं नाही, हा तिचा नियम. सकाळी दोन्ही हातांनी अलगद उचलायची, खायला घालायची, घाण करू द्यायची आणि पुन्हा तशीच अलगद ठेवायची. तरी काही अंडी फुटली, काही नासली. पण एका दुपारी मी जेवायला घरी आले तर आई दारातच उभी. बोटानं चूप म्हणाली. आतून बारीक चिवचिव येत होती.

पाच पिल्लं निघाली. एक अगदी बोडकीसारखं, मानेवर पिसं नसलेलं. मी ते हातात घ्यायचं टाळायचे, पण आईला त्याचंच कौतुक जास्त होतं.

मग ते घडलं. पिल्लं दोन-तीन दिवसांची असतील. कबरी त्यांना कण्या दाखवायला उठली, चोच खाली टेकवून बोलावलं, आणि नेहमीसारखी डावीकडं गेली. धप्प. पिल्लं चिवचिवत होती, म्हणून मला लगेच कळलं नाही. ती पुन्हा सावरून उठली तेव्हा खाली एक पिल्लू चपटं झालेलं दिसलं. काळं, इवलंसं. पाय अजून हलत होते, मग थांबले.

"आई!" मी किंचाळले.

कबरी वाकली. चोचीनं त्याला उलटं केलं, सरळ केलं. दाणा उचलून त्याच्यापुढं टाकला. पुन्हा टाकला. वाट बघितली. आईनं येऊन ते पिल्लू हळूच उचललं आणि पदरात घेतलं.

मी म्हणाले, बाकीची काढून घेऊ. खोक्यात बल्ब लावू. रोज एक मरताना मला बघायचं नाही. मी रडत होते आणि मोठ्यानं बोलत होते.

"आईपासून काढून काय करशील? बल्ब शिकवंल का त्यांला टोचायला?" आईचाही आवाज चढला होता. शेवटी आम्ही गोणपाटाची जाड गुंडाळी केली आणि डाव्या बाजूला ठेवली, म्हणजे कबरी पडली तरी गुंडाळीवर पडेल. पण कोंबडी जागची हलली की गुंडाळी मागं राहायची. ती रात्र आणि पुढचे बरेच दिवस मी कान देऊन जगले. जरा धप्प झालं की उठून बघायचे.

त्यानंतर एकही पिल्लू मेलं नाही. का मेलं नाही ते एका रविवारी कळलं. ऊन खायला आईनं कबरीला मागच्या पायरीवर ठेवलं होतं, चार पिल्लं तिच्या पोटाखाली. ती उठायला लागली. तिनं अजून पाय सरळही केला नव्हता, नुसती अंगात हालचाल झाली, तोच चारही पिल्लं भर्रकन तिच्या उजव्या बाजूला पळाली. कबरी उभी राहिली, डुलली, डावीकडं आपटली. पिल्लं थांबली. तिनं पंख सावरून बैठक नीट केल्यावर एकेक करून परत पोटाखाली शिरली.

मी आईकडं बघितलं. आई तांदूळ निवडत होती.

"बघितलंस?" मी विचारलं.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "तू पोस्टात व्हतीस."

आता पिल्लांना शेपट्या फुटल्यात. आईनं खुराड्याचा पत्रा काढून भंगारवाल्याला दिला. रात्री सगळी मंडळी मागच्या खोलीत असतात, माझ्या पलंगाशेजारी. कबरीचा पाय पूर्ण बरा झाला नाही आणि आता होणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या एकदा मुद्दाम बघायला आल्या होत्या. बराच वेळ पायरीवर बसल्या, कबरीला दोनदा पडताना बघितलं आणि आईनं दिलेला चहा घेऊन गेल्या.